एमएम ५४० विरुद्ध मे महिना: खारं पाणी, कोर आणि कूलरवाल्याचा पत्रा

बॉडीचं काम आटोपलं, आता बॉनेटखाली. गाडी माझी जुनी जीप, महिंद्रा एमएम ५४०, आत प्युजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. मुक्काम दर्यापूरच्या बाजूला, म्हणजे ऐन खारपाण पट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणी खारं असतं. चढ चढायचा म्हटलं की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. हिवाळ्यात ही गाडी कुठेही न्या, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. एप्रिल लागला आणि कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) गाडीमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगायची वेळ आली, की हीट मारलीच. घाटात तर वरच्या वळणांवर रेडिएटरच्या टोपणाखालून शिट्टी ऐकू यायची.

आधी थोडा हिशेब मांडतो, म्हणजे पुढची खटपट का केली ते कळेल. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि डिसेंबरातली पहाटेची हवा १५ वर असेल तर फरक ८० अंशांचा. मे महिन्यात दुपारी हवा ४६ वर गेली की तोच फरक ४९ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढीच हवा, पण काम जेमतेम ६० टक्के. त्यात हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं, त्यामुळे डायरेक्ट इंजेक्शनच्या मानाने पाण्यात जास्त उष्णता उतरते. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडीत जी शिल्लक होती ती आता गाळानं, खारानं खाल्लेली.

मूळ काट्याच्या भरवशावर असलं काम करता येत नाही. हिरवा, लाल आणि मधे अंदाज. त्यामुळे आधी बारीक नळीचा मेकॅनिकल गेज बसवला. जोडीला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, पण चकचकीत पितळेवर तो सरळ खोटं बोलतो, बराच कमी आकडा दाखवतो. वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारला आणि तिथेच मोजायची सवय लावली. सुरुवातीचे आकडे असे: रांगताना १०४, घाटात १०८, आणि रेडिएटरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात भलतंच गार. गार कोपरा म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नाही.

आता पाण्याचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जनावरंही नाराजीनं पितात. ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांच्या आतून पांढरट, दगडासारखा थर चढतो आणि ॲल्युमिनियमचं हेड क्षारानं कुरतडलं जातं ते वेगळंच. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडला तर थेंब आला नाही. तारेनं कोचल्यावर आधी ओल्या विटेच्या रंगाचा लगदा सुटला, मग खपल्या, आणि मग कुठे पाणी. हा गाळ रेडिएटर काढून धुतला तरी निघत नाही, तो सिलिंडरच्या तळाशी बसलेला असतो. नवीन कोर (रेडिएटरचा नळ्या-पात्यांचा मधला भाग) टाकून ब्लॉक तसाच ठेवला तर हाच लगदा चार महिन्यांत नव्या कोरमध्ये.

धुण्यासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत वापरलं. कोमट पाण्यात विरघळवून भरलं, इंजिन थोडा वेळ चालवलं, काढलं, साध्या पाण्यानं धुतलं, आणि पाणी नितळ येईपर्यंत हेच. शेवटी खाण्याच्या सोड्याची एक फेरी. संडास साफ करायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा हेड ॲल्युमिनियमचं असेल तर हातातही घेऊ नका. लिंबूसतही रात्रभर आत ठेवायचं नाही.

रेडिएटर पितळी टाक्यांचा आहे, म्हणून अमरावतीला नेऊन टाक्यांचा डाग (झाळलेला जोड) सोडवला आणि कोर बदलला. तिथे नळ्यांच्या चार ओळींचा कोर घ्या म्हणून फार आग्रह झाला. मी तीनवर थांबलो. चौथ्या ओळीपर्यंत पोचणारी हवा आधीच्या तीन ओळींनी तापवलेली असते, आणि जाड कोरमधून हवा ओढायला फॅनला जोर जास्त लागतो. माझं दुखणं तर कमी वेगातलंच होतं, जिथे फॅन आधीच दमलेला. जाड कोरचा उपयोग हायवेवाल्यांना, तोही थोडा.

थर्मोस्टॅटवरून, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या वाल्व्हवरून, मिस्त्रींशी जुनाच वाद झाला. "तो वाल काहाले ठेवता भाऊ? काढून फेका, गाडी थंडीगार राह्यते." मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे, पण हे मला पटत नाही. बायपास (रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणारी वाट) असलेल्या पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढूनच टाकला तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो. आणि थंडीत डिझेल इंजिन ६० अंशांवर चालवलं की धूर, काजळी, लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) झीज, सगळं पदरात. मला इंजिन गार नको, ८५ ते ९५ च्या मधे बांधून ठेवलेलं हवं. मग थर्मोस्टॅट दोऱ्यानं पातेल्यात टांगून गॅसवर तपासला (पातेलं गॅरेजचं होतं, घरचं नाही, नाहीतर वेगळाच भडका उडाला असता). ८२ ला चकती हलायला लागली, पुढे दहाएक अंशांत पूर्ण उघडली. ठीक आहे म्हणून तोच परत बसवला.

टोपण मात्र मेलेलं होतं. रबर कडक, स्प्रिंग सैल. दाब धरला नाही की उकळबिंदू वर चढत नाही. आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर असल्यानं तिथे साधं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. म्हणजे घाटमाथ्यावर वाईट टोपण जास्तच महागात पडतं. मूळ दाबाचंच नवं टोपण घेतलं. जास्त दाबाचं टोपण लावून जुन्या होजची (पाण्याच्या रबरी पाइपांची) परीक्षा बघण्यात शहाणपण नाही. सोबत ओव्हरफ्लोची बाटली जोडली, म्हणजे बाहेर फेकलेलं पाणी गाडी थंड झाल्यावर परत आत ओढलं जातं. त्यासाठी सलाइनची नळी लावणारे बरेच दिसतात. ती उष्णतेनं मऊ पडते आणि ओढ बसली की चिकटते. डिझेलचा रबरी पाइप लावा.

कूलंट एक हिस्सा, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी दोन हिस्से. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, आणि निम्मंनिम्म केलं की मिश्रण पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. कूलंट हवंच, पण गंज रोखायला. डब्यावर "तयार मिश्रण" लिहिलेलं असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही.

एवढं झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर काटा ९० च्या खाली आला. रांगताना मात्र १०१. इथेच खरी गंमत आहे. वेगात गरम होत असेल तर शंका पाण्याच्या वाटेवर घ्या. रांगताना गरम होत असेल तर हवेच्या. माझ्या गाडीला फॅनभोवतीचं कव्हरच नव्हतं, कुठल्या तरी मालकानं काढून टाकलेलं. उघडा फॅन समोरच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोरचे चारही कोपरे उपाशी. शिवाय पात्यांच्या टोकांवरून इंजिनकडची गरम हवाच पुन्हा फिरून पुढे येते.

कव्हर बनवलं ते गावातल्या कूलर बनवणाऱ्याकडून. मे महिन्यात त्याच्याकडे मुंगीला शिरायला जागा नसते, तरी त्यानं वेळ काढला. पत्रा वाकवण्यात त्याचा हात कुठल्याही गॅरेजपेक्षा साफ, आणि फॅन, गोल, फट हे गणित तो रोजच करतो. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग २० गेजचा जीआय पत्रा. चौकोनी तोंड कोरच्या पूर्ण रुंदीवर, मागे फॅनसाठी गोल. दोन गोष्टी सांभाळल्या. पात्याची साधारण अर्धी रुंदी कव्हरच्या आत आणि अर्धी बाहेर राहिली पाहिजे. आणि पात्याच्या टोकापासून सगळीकडून पाऊण इंच जागा सोडली, कारण कव्हर रेडिएटरला धरलंय आणि फॅन इंजिनाला. गचका बसला की इंजिन माउंटिंगवर हलतं, कव्हर हलत नाही. गोलाच्या धारेवर मधून चिरलेला जुना होज चढवला, चुकून पातं लागलंच तर रबराला लागेल. वरच्या दोन कोपऱ्यांत चौकोनी खिडक्या कापून ट्यूबच्या रबराचे पडदे लावले. वेगात समोरून दाबाची हवा आली की पडदे मागे उघडतात, रांगताना फॅनच्या ओढीनं बंद राहतात.

मग रेडिएटर आणि जाळी यांच्यातल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. जाळीसमोरचे दोन मोठे दिवे खाली बंपरवर उतरवले. लिंबू-मिरची बाजूला सरकवली, काढली नाही. घरात राहायचं आहे.

वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. उभ्या काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब तयार होतो, त्यामुळे त्या फटीतून गरम हवा बाहेर पडायच्या ऐवजी बाहेरचीच आत यायला बघते. रांगताना थोडा उपयोग होत असेल, पण मला तो सौदा नको.

आकडे: भर दुपारी, मागे चार जण आणि सामान, परतवाड्याहून घाट. वरच्या वळणांवर जास्तीत जास्त ९५. शेतरस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ९२ वर स्थिर. कव्हर आणि फटींनी मिळून रांगताना नऊ अंश दिले, आणि खर्च कोरच्या पासंगालाही पुरणार नाही. कुणी मोठा रेडिएटर शोधत फिरत असेल तर आधी रेडिएटरच्या पुढून, जाळीसमोर कागद धरून पाहा, हवा नेमकी कुठून जाते ते.

इलेक्ट्रिक फॅन सध्या तरी नाही. बारा इंची फॅन दहा-पंधरा ॲम्पिअर खाणार, आणि माझा अल्टरनेटर रात्री दिव्यांनाच पुरतो. लावायचाच झाला तर रिले, फ्यूज आणि जाड वायर यांच्यासकट, मूळ फॅन न काढता. त्याआधी एक छोटं काम. तुरीची मळणी सुरू झाली की कुटार उडून कोरच्या पात्यांत बसतो, वर कापसाचा तंतू चिकटतो, आणि दोन आठवड्यांत अर्धा रेडिएटर बंद. जाळीमागे सरकवून काढता येईल अशी मच्छरदाणीच्या तारेची चौकट करतोय. बारीक तार हवाही अडवते, म्हणून आधी बसवून रांगतानाचा आकडा घेईन; दोन अंशांपेक्षा जास्त चढला तर चौकट फक्त मळणीपुरती, आणि एरवी इंजिनाच्या बाजूनं उलटी हवा मारून कोर साफ करायचा.