आमची वाटचाल : एका केबलमधले शेजारी

२००६च्या गुढीपाडव्याला पुण्यात शुक्रवार पेठेतल्या एका गाळ्यावर आम्ही पाटी लावली, तेव्हा फर्ममध्ये माणसं दोनच होती, बाबा आणि मी. बाबा टेलिफोन खात्यात ३४ वर्षं जॉइंटर होते. भर पावसात मॅनहोलमध्ये बसून बाराशे पेअरची, म्हणजे तारांच्या बाराशे जोड्यांची, केबल जोडलेला माणूस. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमची इंजिनिअर, दोन वर्षांची नोकरी सोडून आलेली. काम साधं होतं : ब्रॉडबँडचे मोडेम बसवायचे आणि बंद पडलेल्या लाइन सुरू करून द्यायच्या. सरकारच्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, आणि पुढच्याच वर्षी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी इंटरनेट जाऊ लागलं होतं. एका मोडेममागे आम्हाला दीडशे रुपये मिळत.

पुढच्या वर्षांत आम्ही जे शिकलो आणि कमावलं, ते बहुतेक एकाच त्रासाच्या मागे लागून. त्याचं नाव क्रॉसटॉक. एका केबलमधून शेजारी शेजारी जाणाऱ्या लाइनींचा सिग्नल एकमेकींत झिरपतो, तो हा त्रास. जुन्या मंडळींनी तो कानांनी ऐकलेला आहे. फोन उचलला की भलत्याच घरातलं बोलणं मागून ऐकू यायचं. मोडेमच्या बाबतीत ऐकू काहीच येत नाही. वेग पडतो, लाइन तुटते, दिवा लुकलुकत राहतो आणि गिऱ्हाईक आपल्याला बोल लावतं.

पहिलं वर्ष बरं गेलं, कारण २५६ केबीपीएस कसल्याही तारेवरून निघून जातं. वेग २ एमबीपीएसवर गेला तशा तक्रारी वाढल्या. त्यातली एक मला अजून तारखेसकट आठवते. कोथरूडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. त्याचं म्हणणं, "ताई, लाइन रोज बरोबर रात्री दोनला तुटते." मोडेम बदलला, स्प्लिटर बदलला, घरातली वायर नवी टाकली. दिवसा गेलं की सगळं ठाकठीक. टेस्टरवर लूप बरोबर, इन्सुलेशन बरोबर, डायल टोन स्वच्छ.

त्या काळी रात्री २ ते सकाळी ८ या वेळातलं डाउनलोड मोजत नसत, असे प्लॅन होते. लोक गजर लावून उठायचे, मोडेम चालू करायचे, डाउनलोड लावून पुन्हा झोपायचे. हे माहीत सगळ्यांनाच होतं, पण त्याची गाठ या लाइनशी घालायचं मला सुचलं नव्हतं. शेवटी एका रात्री बाबा आणि मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. काकूंनी थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता. मोडेमचं पान लॅपटॉपवर उघडून मी एकच आकडा बघत होते, एसएनआर मार्जिन. आपला सिग्नल गोंगाटाच्या जितका वर असायला हवा, त्याहून किती जास्त वर आहे ते डेसिबलमध्ये सांगणारा आकडा. साधारण ६ ठेवायचा असतो. पावणेदोनला तो ११ होता. १ वाजून ५८ मिनिटांनी ११चा ७ झाला, दोन वाजून एक मिनिटाने ७चा ३, आणि दिवा लुकलुकायला लागला. बाबा खिडकीत उभे होते. समोरच्या विंगमध्ये दोन खिडक्यांत दिवे लागले होते.

"शेजारी जागे झाले," बाबा म्हणाले. "पण शेजारी बोलला म्हणून इतकं ऐकू येऊ नये. जॉइंट बघायला हवा."

इथे थोडं थांबून सांगते, कारण आमच्या धंद्याचा गाभाच हा आहे. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जातात. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१मध्ये पेटंट केली. पिळामुळे शेजाऱ्याचा सिग्नल दोन्ही तारांवर सारखाच चढतो. मोडेम दोन तारांमधला फरक वाचतो, त्यामुळे दोहोंवर सारखं चढलेलं आपोआप वजा होतं. केबलमधल्या प्रत्येक पेअरचा पीळही वेगळ्या लांबीचा असतो, म्हणजे दोन पेअर लांबवर एकाच लयीत जात नाहीत. आता जेलीफिल्ड केबलचे रंग बघा. पहिली पेअर पांढरी-निळी, दुसरी पांढरी-नारिंगी, तिसरी पांढरी-हिरवी. जोडताना पीळ गरजेपेक्षा जास्त सोडला, की हातात सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या तारा उरतात. निळ्याची पांढरी नारिंगीबरोबर गेली आणि नारिंगीची निळ्याबरोबर, की झाली स्प्लिट पेअर. चूक लक्षात आल्यावर तोच जॉइंट पुन्हा उघडायला हवा. घाईत असलेला माणूस पुढच्या जॉइंटमध्ये पांढऱ्या तारा परत अदलून देतो. दोन्ही टोकांना रंग बरोबर दिसतात, फोन लागतो, टेस्टर खूश. मधल्या टप्प्यात मात्र जोडीच्या दोन तारा पिळाने बांधलेल्याच नसतात.

आमचा संशय त्या टप्प्यावर होता. परवानगी काढण्यात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी बाबांनी पिलरच्या, म्हणजे रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीच्या, पुढचा जॉइंट उघडला, जेली पुसली आणि तारा जोडणारे छोटे यूवाय कनेक्टर एकेक करून बोटांत धरून पाहिले. पीळ चार-पाच इंच मोकळा सोडलेला होता. पांढरी तार त्यांनी दोन बोटांत धरून मागे मागे नेली, ती नारिंगीच्या पिळात गेली. त्यापुढच्या जॉइंटमध्ये तशीच उलटी अदलाबदल निघाली. मध्ये जवळजवळ २०० मीटर. दोन्हीकडे नीट जोडून घेतलं. त्या रात्री आम्ही पुन्हा जाऊन बसलो. सव्वादोनला मार्जिन १० होतं आणि तिथेच राहिलं.

त्या एका लाइनचे आम्हाला दीडशे रुपयेसुद्धा मिळाले नाहीत, कारण करारात 'मोडेम बदलणे' एवढंच होतं. पण त्यानंतर पुण्यात कुठेही 'सगळं बरोबर आहे तरी तुटते' अशी लाइन असली की आम्हाला बोलावणं यायला लागलं. २००८मध्ये सहकारी बँकेचं कर्ज काढून हातात धरायचा एडीएसएल टेस्टर घेतला. एडीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड नेण्याची तेव्हाची पद्धत. बाबांना तो आधी आवडला नव्हता. मग मी त्यांना चॅनलचा आलेख दाखवला. एडीएसएल लाइनचे ४.३१२५ किलोहर्ट्झचे तुकडे करते, आणि प्रत्येक तुकडा जितका शांत, तितके त्यावर जास्त बिट चढवते. गोंगाट असेल तिथे आलेखात खड्डा पडतो. लांबच्या काही लाइनींवर १८४व्या तुकड्याशी नेमाने खड्डा दिसायचा. गुणाकार केला तर साधारण ७९३ किलोहर्ट्झ. बाबा लगेच म्हणाले, "अगं, हे तर आकाशवाणी पुणे!" ७९२ किलोहर्ट्झ. खांबावरून घरात येणाऱ्या उघड्या ड्रॉप वायरने रेडिओ पकडला होता. त्या दिवसापासून टेस्टर त्यांच्या पिशवीत.

आता आमच्या सर्वांत मोठ्या चुकीबद्दल. २०१३मध्ये महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं काम मिळालं. ४८ खोल्या, भिंती दगडी, नवी केबल टाकायला मालकांची तयारी नाही. प्रत्येक खोलीत टेलिफोनची पेअर होती, म्हणून खाली छोटा डीस्लॅम, म्हणजे सगळ्या लाइनी जिथून निघतात ती पेटी, आणि खोलीत एडीएसएलच्या पुढच्या, जास्त वेगाच्या पिढीचा व्हीडीएसएल२ मोडेम असा बेत केला. व्हीडीएसएल२ १७ मेगाहर्ट्झपर्यंत जातं; तितक्या वर गेलं की पीळ अपुरा पडतो आणि झिरपणं फार वाढतं. हे मला पुस्तकात माहीत होतं. मी सगळ्यांत लांबच्या खोलीत एक मोडेम लावला, ६० एमबीपीएस आले, आणि कागदावर ४० लिहून दिले. एकटी लाइन मोजली होती मी. दिवाळीच्या सुट्टीत हॉटेल भरलं, ४८च्या ४८ लाइनी चालू झाल्या, आणि मागच्या विंगमध्ये डाउनलोड १८वर आलं. अपलोड तर जवळजवळ मेलंच. मालक फोनवर जे बोलले ते बरोबरच होतं.

आठ दिवस तिथे राहिलो. कारण सापडलं ते मंगल कार्यालयातल्यासारखं. डीस्लॅमला खेटून असलेल्या खोल्यांचे मोडेम पूर्ण ताकदीने बोलत होते, आणि अडीचशे मीटरवरून थकून आलेला मागच्या खोलीचा आवाज त्यात बुडत होता. यावर उपाय व्हीडीएसएल२मध्ये आधीच आहे : अपस्ट्रीम पॉवर बॅक-ऑफ. जवळच्या मोडेमने अंतराच्या हिशेबाने ताकद कमी करायची. आमच्या डीस्लॅममध्ये ते बंद होतं. मी मॅन्युअलचं ते पान वाचलंच नव्हतं. दुसरं, प्रत्येक पोर्टला ३० एमबीपीएसची मर्यादा घातली आणि मार्जिनची वरची हद्द बांधून दिली, म्हणजे ज्याला ३० पुरतात तो पोर्ट ९०ची ताकद लावत बसणार नाही. जवळच्या खोल्यांचा आकडा कमी दिसायला लागला, मागच्यांचा ३०ला पोचला, आणि अपलोड जिवंत झालं. कागदावरचे ४० मात्र आले नाहीत. मालकांना १० एमबीपीएसच्या फरकाचे पैसे परत केले. त्या वर्षी फर्मला तोटा झाला. तेव्हापासून आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ कायम असते : सर्व लाइनी एकत्र चालू असताना मोजलेला वेग.

व्हेक्टरिंग आमच्याकडे आलं २०१७मध्ये. आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचं मानक २०१०मध्येच काढलं होतं, जी.९९३.५. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी आणि त्यांचे विद्यार्थी त्याआधीपासून यावर लिहीत होते, आणि ते लेख मी रात्री जागून वाचले आहेत, काही दोन-दोनदा. सगळ्या लाइनी डीस्लॅममधूनच निघतात, म्हणजे कोण काय बोलणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. मोडेम त्याला कळवत राहतात की माझ्याकडे किती चूक आली. त्यावरून कोणाचं कोणात किती झिरपतं हे तो शिकतो आणि तितकं उलट्या चिन्हाने सिग्नलमध्ये आधीच मिसळून पाठवतो. शेजाऱ्याचा गोंगाट वाटेत येऊन मिळतो आणि दोन्ही मिळून शून्य. ४८ लाइनींसाठी ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ आकडे, प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे. असे तुकडे चार हजारांच्या घरात, आणि हा हिशेब सेकंदाला ४,००० वेळा. पहिल्यांदा चालू केलं ते हडपसरच्या एका वसतिगृहात. टेस्टरवर लाइनीचे आकडे एकटीने चालताना जे होते, त्याच्या अगदी जवळ आलेले पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "जॉइंट उघडलेस का?"

प्रश्न योग्य होता. दोन लाइनी तरीही मागेच होत्या. दोन्हींचे कनेक्टर गंजलेले. खिळखिळा सांधा तापमानाबरोबर बदलतो, आणि डीस्लॅमने शिकलेलं संध्याकाळपर्यंत शिळं होतं. गणित कितीही सुंदर असलं तरी तार जागेवर राहायला हवी. आणखी एक धडा तिथेच मिळाला : त्याच केबलमध्ये दुसऱ्याचा वेगळा डीस्लॅम नको. तो काय बोलणार हे आपल्या डीस्लॅमला कळत नाही, आणि केलेला हिशेब फुकट जातो. सोसायटीच्या कमिटीसमोर हे समजावणं सगळ्यांत अवघड काम. दोन पुरवठादार असले की स्पर्धा होईल, दर उतरतील, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण एका केबलमध्ये तो बसत नाही.

आज आम्ही नऊ जण आहोत. निम्मं काम फायबरचं आहे आणि ते वाढणार, त्याबद्दल मला काही दुःख नाही. काचेतून झिरपत नाही. तांब्याचं काम उरलं आहे ते जिथे भिंत फोडता येत नाही तिथे : जुनी रुग्णालयं, दगडी वाडे, चालू कारखाने. तिथे आता व्हीडीएसएल२च्या पुढची पिढी, जी.फास्ट, बसवतो. ते १०६ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, आणि त्यात व्हेक्टरिंग नसेल तर चार लाइनीसुद्धा एकमेकींना जगू देत नाहीत.

बाबा आता ८० वर्षांचे आहेत. गुरुवारी गाळ्यावर येतात. नव्या मुलांना ते आधी टेस्टर देत नाहीत, हातभर केबलचा तुकडा देतात आणि पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त न सोडता दहा पेअर जोडायला सांगतात. झाल्यावर कुठलीही एक पांढरी तार धरून विचारतात, "ही कोणाची?"

सध्या मिरजेच्या एका जुन्या रुग्णालयाचं काम सुरू आहे. १०० पेअरची केबल, चार मजले, कुठलाही नकाशा नाही. गेल्या आठवड्यात मुलांनी दोन दिवस सगळ्या पेअर मोजल्या. अकरा स्प्लिट सापडल्या आहेत. सोमवारी पहिला जॉइंट उघडतो आहोत, बाबाही येणार म्हणतात.