फ्रीजसमोरचे हातमोजे

आज सकाळी साडेपाचला किचनमधला लाईट दिसला म्हणून उठून गेले तर आई फ्रीजसमोर उभी, हातात स्कूटरवर घालायचे हातमोजे. तेच, लक्ष्मी रोडवरून घेतलेले, उन्हाचे, फुलाफुलांचे, एकाचा अंगठा उसवलाय तो तिनेच कधीतरी निळ्या दोऱ्याने शिवलेला. दुधाचं पातेलं काढत होती.

तिची कॅन्सरची केमो चालू आहे, त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध आहे, त्याने गार वस्तूला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं तर घशातही तेच. दर दोन आठवड्यांनी एक असे १२ डोस, त्यातले ३ झालेत. म्हणून आम्ही तिला फ्रीज उघडूच देत नाही.

म्हटलं, अगं हाक मारायचीस ना मला.

तर म्हणाली, "चहा तरी मला करू दे गं. माझ्याच घरात पाहुणी झालीये मी."

मला पुढे बोलताच येईना. रिपोर्ट आल्यापासून भाजी मी आणते, पोळ्यांना बाई लावल्या, धुणं बाबा वाळत घालतात, आणि आम्हाला वाटत होतं की किती जपतोय आपण तिला, पण तुला काय करावंसं वाटतंय हे एकदाही विचारलं नाही कुणी.

मग चहा तिनेच केला, आलं घालून. गॅलरीत बसलो दोघी, समोर पर्वती, आणि ती हातमोज्यांसकट कप धरून बसलेली.

तुमच्या घरी कुणी आजारी असताना कुठली कामं त्यांच्याकडेच ठेवली होती तुम्ही? सांगा ना, मला खरंच कळत नाहीये कुठे अडवायचं आणि कुठे नाही.