मायकोप्लाझ्मा, आणि आठ महिन्यांचा डेटा टाकला तो पावसाळा

मी खानापूर तालुक्यातली. बारावीपर्यंत गावाकडं, पुढं बेळगावात एमएस्सी, मग सीएसआयआर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली आणि बेळगावातच एका लॅबमध्ये पीएचडीला लागले. कोर्स वर्क, सिनॉप्सिस, ते सगळं होऊन जातंय. मला लिहायचंय दुसऱ्या वर्षाबद्दल, कारण सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम, करणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते आणि ह्याबद्दल मोकळेपणानं कोण बोलत नाही.

विषय ऑटोफॅजी. म्हणजे पेशी आपल्याच आतला मोडका माल गिळून, पचवून परत वापरते ती प्रक्रिया, यीस्टमध्ये ती उलगडल्याबद्दल ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. माझं काम हेला पेशींवर. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स ह्या बाईंच्या गाठीतून त्यांना न विचारता काढलेल्या ह्या पेशी आजही वाढतात, फ्लास्क हातात घेताना मला त्या बाईंची आठवण हमखास येते. 37 डिग्री, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, साधारण 24 तासांत दुप्पट, त्यामुळं रविवार नाही की सण नाही, दर दोन-तीन दिवसांनी स्प्लिट करायचंच, म्हणजे थोड्या पेशी नवीन फ्लास्कमध्ये घालायच्या.

आठ महिने काम चाललं होतं, खरं वेस्टर्न ब्लॉट (पेशीतलं प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एकासारखा दुसरा येईना. उपाशी ठेवल्यावर पेशीत ऑटोफॅजी वाढते, खरं तिची खूण असलेल्या एलसी3-टू प्रोटीनचा बँड एकदा जाड, पुढच्या खेपेला काहीच नाही. मी अँटिबॉडी बदलली, जेलचं टक्के बदललं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून केलं. मीडिया (पेशी ज्यात वाढतात ते पातळ अन्न) स्वच्छ, बुरशी नाही, गढूळपणा नाही. पेशी फक्त जरा सावकाश वाढत होत्या आणि ते मी पावसाळ्यातल्या लाइट जाण्यावर ढकललं.

शेवटी गाइड म्हणाले डॅपी (डीएनएला निळं चमकवणारा रंग) लावून बघ. अंधाऱ्या खोलीत बसून मायक्रोस्कोप फोकस केला, केंद्रकं छान निळी गोल दिसली, खरं त्यांच्या बाहेर जिथं काळोख पाहिजे तिथं बारीक निळे ठिपके, सगळ्या पेशींवर, रांगोळी सांडल्यागत. मायकोप्लाझ्मा, एक अगदी बारीक जिवाणू. पीसीआरनं पण तेच सांगितलं. ह्याला पेशीभित्तिकाच नसते म्हणून मीडियातल्या पेनिसिलिनचा काही उपयोग नाही, इतका बारीक की 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो, आणि पेशींचं अन्न खाऊन त्यांचा सगळा व्यवहारच बदलतो. उपासमारीवर काम करणाऱ्याला ह्याच्याहून वाईट काय. मागं दुसऱ्या लॅबमधून आलेला एक फ्लास्क आम्ही टेस्ट न करता त्याच इनक्युबेटरमध्ये ठेवला होता, बहुतेक तिथूनच.

गोकाककडची लॅबमेट पाठीवर हात ठेवून म्हणाली, होगली बिडु (जाऊ दे, सोड). त्या रात्री घरी फोन केला तर लावणीचे दिवस, बाबा नुकते शेतातून आलेले. मी रडत रडत सगळं सांगितलं, पेशी, जंतू, आठ महिने. ते थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले, "तरवाच बिघडला असंल तर लावण करून काय मिळणार गो? काढून टाक की." त्यांच्याकडं एकदा असंच झालेलं, अख्खा तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, उपटून परत पेरलेला मी लहानपणी बघितलाय.

दुसऱ्या दिवशी सगळे फ्लास्क ब्लीच घालून टाकले. इनक्युबेटर पुसला, पाण्याचा ट्रे ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक केला. लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींच्या व्हायल (कुप्या) एकेक काढून टेस्ट केल्या, नंतर गोठवलेल्या सगळ्या खराब निघाल्या, अगदी सुरवातीला ठेवलेल्या तीन तेवढ्या स्वच्छ. त्यातली एक 37 डिग्रीच्या पाण्यात धरली, बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत हलवत, तेव्हा हात कापत होते. गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन काढून पेशी नवीन मीडियात सोडल्या, दुसऱ्या दिवशी तळाला चिकटून पसरलेल्या दिसल्या आणि मी तिथंच खुर्चीत बसले.

तिथून पुढं सगळे प्रयोग पहिल्यापासून. गणपती विसर्जनाच्या रात्री रस्ते बंद, ढोल चाललेले, मी कपिलेश्वर तलावाकडच्या गर्दीतून चालत लॅबला गेले कारण पेशी भरत आल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये ब्लॉटवर बॅफिलोमायसिन ह्या रसायनाची लेन दिसली, त्यानं लायसोसोममधलं (पेशीच्या पचनाच्या पिशवीतलं) पचन थांबवल्यावर एलसी3-टू साठायलाच पाहिजे तसा साठलेला, तीनही वेळा सारखाच. त्यासाठी मी वर्षभर थांबले होते.

नवीन पेशी आल्या की आधी वेगळ्या इनक्युबेटरमध्ये, टेस्ट निगेटिव्ह आल्याशिवाय बाकीच्यांजवळ नाही, आणि महिन्यातनं एकदा सगळ्यांची टेस्ट. पीएचडीच्या पहिल्या आठवड्यातच हे मागून घ्या, गाइडना विचारायला लाजू नका.

थिसिसमध्ये मी तो ठिपक्यांचा फोटो पुरवणीत घातला. काढ म्हणणारे होते, मी ठेवला. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्झामिनरनी विचारलं, ह्या प्रयोगांच्या तारखा एवढ्या उशिराच्या कशा. मी ते पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न बॅफिलोमायसिनच्या डोसवर विचारला.