तुम्ही विचारलंत म्हणून: छापायला किती लागले?

लग्नात, ऑफिसात, भाजीच्या ठेल्यावर, जिथे कळतं की हिने खेळाचं पुस्तक काढलंय तिथे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "म्हणजे लुडोसारखं का?" आणि दुसरा, "छापायला किती लागले?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर ३६ हजार, ३०० प्रती, म्हणजे प्रतीमागे १२० रुपये. पण एवढंच सांगितलं की लोक मान हलवून निघून जातात आणि दोन महिन्यांनी फोन करतात की आमच्या भाच्याचंही एक छापायचंय, प्रेसवाला काहीतरी भलतंच बोलून राहिला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग. चारपाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, अडलं की फासे टाकायचे. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला तेव्हापासूनचा हा प्रकार, आणि त्याचीही पहिली छपाई १००० प्रतींचीच होती, घरी बसून डबे भरले होते त्यांनी. हे ऐकून आईला जरा धीर आला. माझ्या खेळात ड्रॅगन नाही. पोळ्याच्या रात्रीचं नागपूर आहे, मिट्ट अमावस्या, मोहल्ल्यातली इडापिडा शोधून सकाळी मारबत, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघायच्या आत बडग्यावर, म्हणजे त्यातल्या पुतळ्यावर, चढवायची, नाही जमलं तर ती वर्षभर तुमच्याच घरी मुक्कामाला. पात्रं म्हणजे एक आचारी, एक लाईनमन, एक ट्यूशनवाल्या बाई असे लोक.

आता प्रेस. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत गेले, फाईल ए-फाइव्हची, म्हणजे ए-फोर कागदाच्या अर्ध्या मापाची, मी सहा महिने खपून मांडलेली. प्रेसवाले काका म्हणाले, ताई हे नाही बसत, डेमी साईज करा. मला वाटलं टाळून राहिले. त्यांनी १८ बाय २३ इंचाचा कागद घेतला, तीन घड्या मारल्या आणि समोर ठेवला, हे पाहा, सोळा पानं, हा एक फर्मा. आता तुमची पानं मांडा यावर. ए-फाइव्हची रुंदी १४८ मिलिमीटर, चार पानं शेजारी ठेवली की ५९२, आणि २३ इंच म्हणजे ५८४. आठ मिलिमीटरने हुकतं, कटिंगचा मार्जिन तर पुढेच राहिला. म्हणजे मोठा कागद घ्या आणि कापून रद्दीत टाका. डेमी साडेपाच बाय साडेआठ इंच, त्या कागदावर गपकन बसते. घरी येऊन सगळी टेबलं परत मांडली, रुंदी ८ मिलिमीटर कमी झाली तर इडापिडांच्या यादीचा शेवटचा कॉलम सरळ पानाबाहेर गेला होता.

तेवढ्यावर भागलं नाही, माझी पानं भरत होती ११७. सात फर्मे म्हणजे ११२. वरच्या पाच पानांसाठी आणखी अर्धा फर्मा म्हटलं तरी प्लेट, म्हणजे ज्यावरून पानं छापतात तो धातूचा पत्रा, आणि मशीनचं काम वाढतंच, म्हणून पाच पानं उडवली. लाईनमनचं अख्खं पूर्वायुष्य गेलं त्यात. अजून वाईट वाटतं, पण खरं सांगू का, खेळताना कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्लेटांचा हिशेब मात्र समजून घ्या, कारण सगळा भाव तिथे आहे. एका रंगात एका फर्म्याला दोन प्लेटा, पुढची आणि मागची, सात फर्म्यांना चौदा. ३०० काढा की १०००, प्लेटा तेवढ्याच, म्हणून प्रत्येक प्रेसवाला म्हणतो की हजार काढा, स्वस्त पडते. पडते ना. पण ठेवता कुठे? आणि पन्नासेक प्रतीच पाहिजे असतील तर ऑफसेटच्या, म्हणजे या प्लेटवाल्या छपाईच्या, नादी लागूच नका, डिजिटलवर काढा, तिथे प्लेटच नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला बाइंडिंगवर. काकांनी आधी परफेक्ट बाइंडिंगची डमी करून दिली, पाठीला गरम गम लावून कव्हर चिकटवतात ते. दिसायला झकास. घरी खेळायला घेतली तर पान उघडं राहीना, हात काढला की पुस्तक मिटते. शेवटी कोणीतरी तर्रीची वाटी ठेवली पानावर. पाठीतून कट्ट आवाज आला आणि हल्ल्याच्या नियमाचं पान वाटीसोबत उचललं गेलं. कादंबरी माणूस हातात धरून वाचते, हे पुस्तक टेबलावर पोहे, फासे आणि मोबाईलच्या मधात उताणं पडून राहायला पाहिजे, हे मी काकांना समजावून सांगत होते आणि ते म्हणाले, "मग तुम्हाला पुस्तक नाही, रजिस्टर पाहिजे." तंतोतंत! रजिस्टरसारखंच पाहिजे होतं. मग फर्मे दोऱ्याने शिवून घेतले, वरून ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम) कव्हर, आत ८० जीएसएम मॅपलिथो, साधा पांढरा छपाईचा कागद. शिलाईने प्रतीमागे खर्च वाढला तो वाढला, पण आता पुस्तक उघडून सोडलं तर उघडंच राहतं. पैसे कुठे वाचवायचे तर आतल्या रंगात वाचवा, शिलाईत नका वाचवू.

आणि मराठीत छापणार असाल तर हे वाचाच. प्रेसच्या ऑपरेटरने एक दुरुस्ती करायला ओपन फाईल, म्हणजे जिच्यात मजकूर बदलता येतो ती, मागितली, मी दिली, चूक माझीच. त्याने मजकूर कन्व्हर्टरमधून काढून आपल्या जुन्या फॉन्टमध्ये नेला. प्रूफ आलं. "आचाऱ्याला एक जादा फासा" हे माझं वाक्य, तिथे छापून आलं "आचार्याला एक जादा फासा". स्वयंपाक्याचा फासा गुरुजींना गेला. खाली "दऱ्या ओलांडताना" होतं त्याचं "दर्या ओलांडताना" झालेलं, नागपुरात दर्या! सगळ्या पुस्तकात एकूण एक ऱ्य मोडला होता. ऑपरेटरला दाखवलं तर म्हणे, सारखंच तर आहे. सारखं नाहीये भाऊ. तेव्हापासून फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट फाईलच्या आतच असलेली, पीडीएफच देते, दुरुस्ती असेल तर घरी जाऊन करते आणि परत येते, भले ऊन कितीही असो. आणि प्रूफमध्ये सगळं वाचता नाही आलं तर निदान ऱ्य शोधत जा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करा, लेखकालाही करता येतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर उठून या.

बाइंडिंगवाल्याकडे फर्मे दुमडणाऱ्या एक मावशी होत्या, हात चालू ठेवूनच पानं वाचायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, ताई, मी शेवटचा फर्मा पाहिला, यात गोष्ट संपतच नाही, इडापिडा गेली का नाही गेली? मी म्हटलं, ते खेळणारे ठरवतात. त्यांनी एक घडी मारली, पट्टी फिरवली आणि विचारलं, "मग तुम्ही काय लिहिलं?"

याचं उत्तर मला तिथे नाही देता आलं. एक प्रत दिली त्यांना, पुढे खेळल्या का माहीत नाही.

तर ३६ हजार. त्यात मी ॲक्टिव्हावर मारलेल्या खेपा धरलेल्या नाहीत, ३०० प्रती म्हणजे पंचेचाळीस किलोच्या वर भरतात आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. उरलेल्या प्रती दिवाणाच्या पेटीत आहेत. पाहिजे असेल तर या, फक्त दुपारी २ ते ४ नका येऊ, दिवाणावर बाबा झोपलेले असतात.