पानिपत जिंकलो असतो तर? तुम्ही विचारलंत म्हणून

निवृत्त झाल्यापासून मी गोष्टी लिहितो. त्या एका भलत्याच पुण्यातल्या आहेत. या पुण्यात पेशवाई बुडालेली नाही आणि इंग्रज मुंबईच्या बेटावर वखार सांभाळून आहेत. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, सारसबागेच्या बाकावर, एकदा तर दाढ काढताना तोंडात कापूस असताना, मला एकच प्रश्न आला आहे: "काय हो, आपण पानिपत जिंकलो असतो तर?" डॉक्टरांना तेव्हा मी उत्तर देऊ शकलो नाही. ते आता देतो.

जिंकलो असतो तर देणं वाढलं असतं.

हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला अटकेवर झेंडा हवा असतो, आणि मी वही काढून बसतो. माझा इलाज नाही, सगळी नोकरी ऑडिटात गेली. १७५८ साली आपण अटकेपर्यंत गेलो होतोच की. जाणं जमलं, तिथला वसूल घरी आणणं जमलं नाही. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्लीच्या किल्ल्यात दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली, ती फौजेचा पगार भागवायला. छत मोडून पगार करायची वेळ ज्या खात्यावर येते, त्याचा शेरा मी लढाईच्या आधीच लिहून ठेवला असता. आणि दुसरं असं, की हरूनसुद्धा दहाच वर्षांत मराठे परत दिल्लीत होते. १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं. म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला जे गेलं, त्यातलं बरंचसं भरून निघालं होतं. माणसं सोडून. ती कुठल्याच 'जर-तर'मध्ये भरून निघत नाहीत.

मग मी वही उघडतो कुठे? थेऊरला. १८ नोव्हेंबर १७७२. माधवराव पेशवे क्षयाने गेले तेव्हा वय होतं सत्तावीस. शेवटच्या दिवसांत त्यांनी नऊ कलमी यादी करून घेतली, तिच्यात कर्ज फेडायचं कलम आहे, म्हणून माझा या माणसावर जीव. मी त्यांना साठीपर्यंत जगवलं. लेखकाला एवढं सहज करता येतं. माधवराव जगले म्हटल्यावर १७७३ चा गारद्यांचा गोंधळ नाही, नारायणरावांचा खून नाही, राघोबादादा मदत मागायला इंग्रजांच्या दारात जात नाहीत, १७७५ चा सुरतेचा तह नाही.

म्हणून सगळं आलबेल होतं का? छे. दादा शनिवारवाड्यात कैदेत आहेतच. साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं यायची, कारभार पुण्यात चालायचा, आणि शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आपापल्या सरंजामात मोकळे. या पसाऱ्यात कोण कोणाला हिशेब दाखवतो, हे ठरल्याशिवाय मला एक ओळ पुढे जाता येईना. शेवटी मी सावकारांना आणलं. माझ्या गोष्टीत ते म्हणतात, पुढचं कर्ज हवं ना, मग दसऱ्याला सगळ्यांचे ताळेबंद एका बैठकीवर येऊ द्या. पहिल्या वर्षी सरदारांचे कारकून येतात. दहाव्या वर्षी सरदार स्वतः येतात, कारण कारकुनांनी एकमेकांची बिंगं फोडलेली असतात. विसाव्या वर्षी पाटील, शेटे, महाजन दाराशी उभे राहतात: पैसा आमच्या गावचा, मग आम्ही बाहेर का? झालं माझं पार्लमेंट. त्याला मी गोतसभाच म्हटलं. गावचा तंटा मिटवताना गोत बसायचं, महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाचा नांगर उमटायचा आणि त्याखाली बलुतेदारांच्या निशाण्या. सभा आपल्याकडे होती, लंडनहून आणावी लागली नाही.

छापखान्याची गंमत तर मला फार आवडते, जरा विषयांतर करतो. नाना फडणीसांच्या काळात पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट याने एका तांबटाला छपाईसाठी अक्षरं कोरायला शिकवलं आणि गीतेचं काम सुरू झालं. ते पुण्यात तडीला गेलं नाही. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ मध्ये तिथे गीता छापून निघाली. माझ्या पुण्यात हा तांबट मिरजेला जात नाही. फक्त मी त्याला गीतेऐवजी आधी पंचांग छापायला लावलं. खपाचा विचार नको का करायला!

छापखाना आला की भांडण आलंच. माझ्या पुण्यातलं मोठं भांडण रमण्याचं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, आणि ती रक्कम लहान नव्हती. खऱ्या इतिहासात इंग्रजांनी त्यातला पैसा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला आणि १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्यांनी अर्ज केला, की यातून मराठी ग्रंथांनाही द्या. केवढा गहजब झाला! माझ्या पुण्यात इंग्रजांचा अंमल नाही, त्यामुळे दोन तट आपले आपणच पडतात: रमणेवाले आणि शाळावाले. अटकेवर झेंडा लावायचा की नाही यावर कोणी पक्ष काढत नाही. श्रावणातली थैली कोणाला, यावर मात्र निघतो.

इथवर मी खुशीत होतो. दिवाळी अंकासाठी गोष्ट दिली, प्रुफं आली. त्यात शाळावाले जिंकतात, १८४८ मध्ये मोठी शाळा उघडते आणि एका महाराचा सात वर्षांचा मुलगा आत जाऊन बसतो, असं एक वाक्य होतं. म्हाताऱ्या मुद्रितशोधकांनी समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "कुठे बसतो?"

तीन महिने ती प्रुफं टेबलावर पडून होती. अंक माझ्याशिवाय निघाला.

१८४८ हे साल मी चोरलं होतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्या साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पण जोतीराव शिकले कुठे? घरच्यांनी एकदा शाळेतून काढल्यावर १८४१ मध्ये ते पुन्हा शिकायला गेले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. माझ्या पुण्यात मिशनच नाही. म्हणजे मी इंग्रजांना बाहेर काढलं आणि त्यांच्या दारातून जे आत आलं होतं ते गुपचूप ठेवून घेतलं. ऑडिटात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

मग संस्थानं धुंडाळली. मराठी माणसांच्या हातात राज्य राहिलं तिथे काय झालं? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९११ मध्ये गोखल्यांनी तेच ब्रिटिश मुलखासाठी मागितलं तर विधेयक पडलं. औंधात (आपलं विद्यापीठाजवळचं नव्हे, साताऱ्याकडचं) १९३९ मध्ये राजानेच सत्ता गावपंचायतींकडे दिली. हे वाचून मी पुन्हा खुशीत आलो. पण मग दिसायला लागलं, की या राजांच्या मागे इंग्रज शिक्षक, रेसिडेंट, इंग्रजी पुस्तकं होतीच. आणि शेजारची कितीतरी संस्थानं होती, तिथे असं काहीच झालं नाही. चांगला राजा मिळणं ही व्यवस्था नव्हे, लॉटरी आहे. दोन्ही बाजूंना टिकमार्क केला आणि शिल्लक काही निघाली नाही.

शेवटी शाळा मी उशिरा उघडली आणि मुलाला आत नेलं नाही. त्याला ओट्याखाली, अंगणात उभा केला. प्रुफं परत आली, पुन्हा शिसपेन्सिल: "ओटा किती उंच?"

आता याला काय म्हणावं? पण प्रश्न चुकीचा नव्हता. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मेजरटेप घेऊन गेलो. मालकांनी दुसरं टोक धरलं आणि कशाला मोजताय म्हणून विचारलं. गोष्ट लिहितोय, पेशवाई टिकली असती तर, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपण पानिपत जिंकलो असतो..." मी म्हटलं, टेप ताणून धरा.

अडीच फूट भरला. अंगणात उभ्या सात वर्षांच्या मुलाची नजर ओट्याच्या वर जाते, त्याला पंतोजींचं पागोटं दिसतं, पोरांच्या शेंड्या दिसतात. पण तेव्हा फळा नव्हता. अक्षरं धूळपाटीवर गिरवायची, आणि ती जमिनीवर आडवी असते. अंगणातून तिच्यावरचं काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. तेव्हा माझ्या गोष्टीतल्या मुलाला पाढे येतात, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकीसुद्धा. व्याज तो तोंडी काढतो, सावकाराच्या कारकुनाआधी. कर्जाच्या खतावर काय लिहिलंय, ते त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.