जुनी जीप लांब ओढून नेताना

माझी विलीज जीप १९४४ सालची आहे. कागदावर ती ताशी शंभराच्या पुढे जाते, पण तिला मानवतो तो साठ-पासष्टचा वेग. त्यामुळे शेकडो किलोमीटर लांबच्या डोंगरात जायचं असेल तर मी तिला ओढूनच नेतो आणि खरा दम तिथल्या चढांसाठी राखून ठेवतो.

मागे बांधली म्हणजे गाडीला आराम, असं बरेच जण धरून चालतात. ते फक्त ट्रेलरवर खरं आहे. टो-बार, म्हणजे दोन गाड्या जोडणारा लोखंडी दांडा, लावून चारही चाकांवर ओढलीत, तर इंजिन बंद असतं एवढंच. बेअरिंग, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचे, दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर), प्रोपेलर शाफ्ट (तिथपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा), ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद विभागणाऱ्या डब्याचा) मागचा भाग, सगळं तासन् तास फिरत राहतं, आणि तेही ज्या वेगाने ती स्वतःहून कधी धावत नाही त्या वेगाने. गिअरबॉक्समध्ये तेल पंपाने चढत नाही, गिअर फिरले की उडतं तेवढंच. न्यूट्रलमध्ये काही गिअर थांबलेले आणि काही फिरते, म्हणजे कुठला भाग कोरडा पडेल याचा भरवसा नाही. म्हणून टो-बारवर न्यायचीच झाली तर मी मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवतो.

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण निगुतीने करावं लागतं. डिफरन्शियलच्या बाजूचे यू-बोल्ट सोडले की युनिव्हर्सल जॉइंटच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या, दोन वाट्या मोकळ्या होतात. त्यांच्या आत सुईसारखे बारीक रोलर असतात. वाटी हातातून निसटली तर ते मातीत विखुरतात आणि मग शोधत बसा. बोल्ट निघाल्याबरोबर दोन्ही वाट्यांवरून चिकटपट्टी गुंडाळून टाकायची. शाफ्ट मधल्या सरकत्या जोडातून वेगळा होणार असेल तर आधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची खूण करायची. एक दाता इकडेतिकडे बसला तरी पुढे गाडी थरथरत राहते.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढून काही उपयोग नाही, गाडी पूर्ण मोकळी. जुन्या सीरीज लँड रोव्हरचंही तसंच. चाकांना ओंडके लावल्याशिवाय शाफ्टला पाना लावू नका, आणि गाडी टो-बारवरून सोडवतानाही आधी ओंडके.

टो-बारवर रिव्हर्स घ्यायचाच नाही. पुढे जाताना जीपची पुढची चाकं आपोआप वळत येतात, मागे ढकलली की ती एका बाजूला पूर्ण मुडपतात आणि सगळा जोर स्टिअरिंगच्या सांध्यांवर येतो. पेट्रोल पंपावर शिरतानासुद्धा सरळ बाहेर पडता येईल अशीच जागा मी बघतो.

या सगळ्यामुळे लांबच्या अंतराला माझं मत ठामपणे ट्रेलरच्या बाजूने आहे. जीप साधारण अकराशे किलोची आणि ट्रेलर पाचशेचा धरला, तर एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर हवा, म्हणजे १६० ते २४० किलो. भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तसं झालं तर ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, आणि ट्रेलरला वेगळा हाताने लावायचा ब्रेक असेल तर तेवढाच लावायचा. जीप कुठे उभी केली की वजन नीट बसतं ते एकदा सापडलं, की ट्रेलरच्या फळीवर रंगाने रेघ मारून ठेवा.

पट्टे मी अ‍ॅक्सलला बांधतो. चासीला बांधले तर खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबतात, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि हुक निसटू शकतो. मात्र मागच्या अ‍ॅक्सलवरून ब्रेकची बारीक नळी गेलेली असते. पट्टा तिच्यावरून गेला तर ती चेपते, म्हणून कसण्याआधी खाली वाकून हाताने चाचपून बघायचं. कापडी टप मी काढूनच ठेवतो, वाऱ्याने तो फाटतो.

टो-बारवर असताना दिव्यांचंही बघावं लागतं. विलीजची वायरिंग सहा व्होल्टची आहे. आजच्या गाडीचा बारा व्होल्टचा प्लग तिला जोडलात तर बल्ब उडतील. मागे वेगळी लाइटची पट्टी बांधणं सोपं.

वाटेत पहिला थांबा मी लवकरच घेतो, पन्नासेक किलोमीटरवर. पट्टे पुन्हा कसायचे, ट्रेलरच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघायचं. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक तपासल्याशिवाय पुढे निघायचं नाही. टो-बारवर असेल तर जीपचे चारही हब तसेच बघायचे आणि चाकांचे नटही. विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. मदतीला आलेल्या माणसाला हे आधीच सांगा, नाहीतर तो सोडवण्याच्या नादात जोर लावून नट आणखी आवळेल आणि स्टड तोडून ठेवेल.