आजार म्हटल्याने गुन्हा लहान होतो का?

स्त्रियांवरील हिंसेला तुम्ही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणता, पण एकदा तिला आजारांच्या रांगेत बसवले की मारणाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही का, असे मला डॉक्टर म्हणून वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांत वकील असतात, तशा मार खाऊन घराबाहेर पडलेल्या स्त्रियाही असतात. शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने कोणाला चिरडले तर तो गुन्हेगारच ठरतो. तरीही रस्त्यांवरचे मृत्यू कमी करायचे असतील तर वेगमर्यादा, हेल्मेट आणि रस्त्याची रचना यांचा विचार करावाच लागतो, आणि तो केल्याने त्या चालकाचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. हिंसेबाबत आमची भूमिका एवढीच आहे. जागतिक आरोग्य सभेने 1996 मध्ये हिंसा हा जगभरातील सार्वजनिक आरोग्याचा एक प्रमुख प्रश्न असल्याचे ठरावाने मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, दर तीन स्त्रियांपैकी जवळपास एकीला आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागते. इतक्या स्त्रियांना एखाद्या तापाने गाठले असते, तर त्याला कोणीही घरगुती बाब म्हटले नसते.

शिवाय यातल्या बहुतेक जणी पोलिसांकडे जात नाहीत. दवाखान्यात मात्र येतात. डोकेदुखी, झोप न लागणे, ओटीपोटातले जुनाट दुखणे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग अशा तक्रारी केसपेपरवर लिहिल्या जातात, वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि महिन्याभराने तीच बाई तीच तक्रार घेऊन पुन्हा समोर बसते. जखम दिसली तरच संशय घ्यायचा, हा आमच्या पेशातला जुना भ्रम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेच 2013 मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 42 टक्के स्त्रियांना त्यातून इजा झाली होती. म्हणजे केवळ जखमा शोधणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून निम्म्याहून अधिक स्त्रिया निसटतात. त्याच अहवालात अशा स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण जवळपास दुप्पट, आणि कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता 16 टक्क्यांनी जास्त आढळली.

गळा दाबण्याचा प्रकार तर विशेष फसवा असतो. मानेवर बोटांचे वळ अनेकदा उमटतच नाहीत. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, आणि कधीकधी तेही दिसत नाहीत. असा प्रकार एकदा घडून गेलेल्या स्त्रीचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे संशोधनातून दिसलेले आहे. म्हणून ‘पाय घसरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईचा आवाज बसलेला असेल, तर मी आधी सोबतच्या माणसाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवते. नवरा शेजारी उभा असताना विचारलेला प्रश्न तिला मदत करण्याऐवजी घरी गेल्यावर आणखी मार खायला लावू शकतो. नातेवाइकाला दुभाषा म्हणून बसवणे किंवा मदतकेंद्राचा क्रमांक तिच्या कागदांवर ठळक लिहून देणे हेही तितकेच धोक्याचे. तिने सांगितले तर ऐकायचे, विश्वास ठेवायचा, आज घरी जाणे सुरक्षित आहे का ते विचारायचे. ‘सोडून का देत नाही’ हा प्रश्न मात्र गिळायचा.

पण हे सारे हिंसा घडून गेल्यानंतरचे. ती मुळात घडू नये यासाठी कारणांकडे जावे लागते, आणि तिथे पहिले उत्तर बहुधा ‘दारू’ असे येते. दारूमुळे मारहाण वाढते आणि अधिक जबर होते, यात शंका नाही. परंतु नशेतही साहेब कोण आणि बायको कोण हे त्याला नेमके कळत असते. लहानपणी घरात पाहिलेली मारहाण आणि बायकोवर हात उगारण्यात गैर काही नाही ही आजूबाजूची समजूत, यांचा वाटा फार मोठा आहे.

ही समजूत बदलता येते. युगांडातील कंपाला शहरात ‘सासा!’ नावाच्या कार्यक्रमात वस्तीतल्याच स्त्री-पुरुषांनी शेजाऱ्यांशी काही वर्षे सातत्याने, घरात सत्ता कोणाची आणि ती कशी वापरली जाते, या विषयावर बोलणे चालू ठेवले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तिथल्या स्त्रियांना गेल्या वर्षभरात जोडीदाराकडून झालेल्या शारीरिक हिंसेचे प्रमाण इतर वस्त्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे दिसले. तुलनेतल्या एकूण वस्त्या आठच असल्याने हा आकडा सांभाळून वापरावा, असे माझे मत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात स्त्रियांना लघुकर्जे आणि त्यासोबत प्रशिक्षण दिल्यावर जोडीदाराच्या हिंसेत 55 टक्के घट झाल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे केवळ कर्ज मिळालेल्या गटाशी तुलना केली असता नुसत्या पैशाने तो परिणाम साधत नसल्याचे दिसले.

एका दिवसाच्या जागृती मेळाव्यांवर होणाऱ्या खर्चाबद्दल म्हणूनच मला फारशी आस्था नाही. यश मोजण्याचीही घाई होते. चांगला कार्यक्रम सुरू झाला की सुरुवातीला तक्रारी वाढतात, कारण इतके दिवस गप्प बसलेल्या स्त्रिया बोलू लागतात. तो वाढता आलेख पाहून कार्यक्रमाला अपयशी ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना मी नेहमी स्वतंत्र सर्वेक्षण करायला सांगते, ज्यात प्रशिक्षित स्त्रिया एकांतात विचारतात की गेल्या बारा महिन्यांत तुमच्यावर कोणी हात उगारला का.